गोजरा आणि ओंजळभर माती

एक होता राजा. राजा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे लगेच हत्तीघोडे नाचायला लागतात, ते जरा बाजूला ठेवा. ह्या राजाकडे हत्ती होता एकच, आणि तोसुद्धा दिवसातून तीनदा धुतलेला. बिचाऱ्याचं अंग कधी वाळायचंच नाही. का, तर राजाला केरकचरा म्हणून खपत नसे. पांढरं धोतर, पांढरा अंगरखा, पांढरी पगडी. वाटेत वाळकं पान दिसलं की कपाळाला आठी. नाव त्याचं चांगलं लांबलचक होतं, पण मागून सगळे त्याला झाडूराजाच म्हणायचे. पुढून नाही हं. पुढून म्हणायची कुणाची छाती?

तर ह्या राजाचं गाव होतं डोंगराच्या पायथ्याशी. डोंगरावर दाट रान. ऐन, हिरडा, जांभूळ, कुंभा, सगळी झाडं खांद्याला खांदा लावून उभी. रानाच्या खाली नाचणीची आणि भाताची शेतं, शेतांच्या खाली नदी. आणि गावातल्या विहिरी कशा? वैशाखातसुद्धा वाकून तांब्या बुडवावा अशा.

राजवाड्यात झाडलोट करायला एक बाई होती. गोजरा तिचं नाव. शिंदीच्या पानांची केरसुणी ती स्वतः बांधायची, आणि हात असा चालायचा की बघत राहावं. गोजराने झाडलेल्या अंगणात दूध सांडलं तर चाटून घ्यावं, असं लोक म्हणायचे. गोजराला त्याचा अभिमान होता. का नसावा? आपल्या हातचं काम ज्याला त्याला प्यारं असतं. घरी ती आणि तिचा नवरा म्हादबा, दोघंच. म्हादबा नाचणी पिकवायचा, ही झाडायची, आणि दिवस चालले होते बरे.

एकदा काय झालं, फाल्गुनात राजा गच्चीवर उभा राहिला. समोर डोंगर. पानगळ चाललेली. राजाने डोळे बारीक केले.

"गोजरा, तो डोंगर बघ. केवढा केर!"

"सरकार, ते रान आहे."

"रान असलं म्हणून काय झालं? झाडून काढ."

मग काय करता? शंभर बाया बोलावल्या. शंभर केरसुण्या, शंभर पाट्या, आणि सगळ्यांच्या पुढे गोजरा. सगळा डोंगर झाडला, बरं का. वाळक्या पानांचे ढीग केले आणि पेटवून दिले.

पण झाडताना गोजराला एक दिसलं. वरची पानं कोरडी होती. खालची ओली होती. त्याच्या खालची तर पानंच राहिली नव्हती, नुसता काळा भुगा, आणि त्यात पांढरे दोरे, कोळ्याच्या जाळ्यासारखे. गांडुळं होती. हात लावला की गोल होणारे वाणी किडे होते. आणि सगळ्याला एक ऊब होती. झोपलेल्या लेकराच्या पोटाखाली हात घातला की कशी लागते, तशी. गोजराचा हात क्षणभर थांबला. तिला वाटलं, आपण कुणाच्या तरी अंगावरचं काढतोय. पण मागे शंभर बाया उभ्या होत्या. ती काही बोलली नाही. तिने झाडलं.

दुसऱ्या वर्षी राजा स्वतः रानात फिरायला गेला. त्याच्या पायावर मुंगळा चढला. झालं! "हे काय? माझ्या राज्यात किडेमुंगी?" मग वारुळं फोडली. गांडुळं वेचली. वाळवी, गोगलगाई, वाणी, सगळे पाट्या भरभरून नदीत नेऊन टाकले. मुंग्या आपली पांढरी अंडी तोंडात धरून सैरावैरा पळत होत्या. गोजराने ते पाहिलं. बोलावंसं वाटलं. पण राजाने तेव्हाच तिला शालजोडी दिली होती सगळ्यांसमोर. शाल अंगावर असताना तोंड कसं उघडायचं? ती बोलली नाही.

तिसऱ्या वर्षी राजाने विचार केला. केर येतो कुठून? पानांतून. पानं येतात कुठून? झाडांवरून. मग झाडंच कशाला हवीत? शहाणाच की नाही! कुऱ्हाडी चालल्या. झाडं गेली, मागून गवतही खरवडलं, आणि शेवटचा हात गोजराने फिरवला. डोंगर असा तुळतुळीत झाला की उन्हात त्याच्याकडे बघवेना. राजा खूश. म्हणाला, "आता कसं, ताटासारखं!"

मग आला आषाढ.

पाऊस नेहमीसारखाच पडला हो. त्याने काही जास्त केलं नाही. पण पूर्वी काय व्हायचं, पाऊस आधी पानांवर पडायचा, मग फांद्यांवर, मग खालच्या पालापाचोळ्यावर. तिथून मुंग्यांच्या बिळांतून, मुळांच्या कडेकडेने हळूहळू आत उतरायचा. आत दगडांच्या भेगांमधून झिरपत झिरपत विहिरीला पोचायला त्याला महिने लागायचे. आता मध्ये कुणीच नव्हतं. पाणी आलं ते सरळ धावत खाली. आणि जाताना माती घेऊन गेलं. नदी लाल झाली, घट्ट झाली, आमटीसारखी. शेतांवर गोटे येऊन बसले. चार दिवसांत डोंगराची सगळी माती वाहून गेली आणि आतला काळा कातळ उघडा पडला.

पोरांनो, माती किती असते सांगू? कढईभर दूध तापवलं की वर साय धरते ना? एवढ्या मोठ्या पृथ्वीवर माती त्या सायीहून पातळ आहे. तेवढ्यावर आपण सगळे जगतो. तुम्ही, मी, वाघ, वेल, सगळे. आणि त्या राजाने ती सायच फुंकून टाकली.

पौषातच विहिरी आटल्या. नाचणी आली ती टीचभर. लोक राजवाड्यापुढे जमले. राजा घाबरला. आणि घाबरलेला राजा काय करतो? दुसऱ्याकडे बोट दाखवतो. म्हणाला, "डोंगर कुणी झाडला? गोजराने. माझी माती हिने घालवली."

गोजराला दरबारात उभं केलं. राजाने शिक्षा सांगितली. "डोंगराच्या माथ्यावर जाऊन राहायचं. त्याच कातळावरची ओंजळभर माती घेऊन आलीस, तर सुटलीस. खालून नेलेली चालायची नाही. तोवर खाली पाऊल टाकायचं नाही."

लोक चुकचुकले. कातळावर माती कुठून येणार? ही तर जन्मठेप झाली. म्हादबा पुढे झाला, हात जोडून म्हणाला, "सरकार, हिने तुमचा हुकूम पाळला. हिचा काय गुन्हा?" पण गोजरा म्हणाली, "अहो, राहू दे. जाते मी." तिच्या डोळ्यांपुढे ती अंडी धरून पळणारी मुंगी होती.

मग ती वर गेली. बरोबर काय नेलं? एक लुगडं, एक मडकं आणि आपली केरसुणी. राजाने पायथ्याशी शिपाई बसवला. आठवड्यातून एकदा म्हादबाने भाकरी आणि पाणी घेऊन वर जावं, पण मूठभर मातीसुद्धा नेता कामा नये. तो शिपाई इतका इमानी, की म्हादबाचे तळवेसुद्धा ओल्या फडक्याने पुसून घ्यायचा.

माथ्यावर एक कपार होती, तिच्यात गोजरा राहिली. नजर जाईल तिथे काळा दगड. उठावं, कातळ झाडावा, भाकरी खावी, सांडलेले कण झाडावेत, बसावं. पण हातपाय गाळून बसणारी ती नव्हती. ती कातळाला म्हणाली, "कातळदादा, मला माती दे."

कातळ म्हणाला, "माती माझ्यातूनच होते, बाई. फोड मला."

मग तिने एक गोटा घेतला आणि दगड कुटला. दिवसभर कुटला. हाताला फोड आले. पाच-सहा दिवसांनी ओंजळभर भुगा झाला. तो तिने एका खळग्यात भरला. दुसऱ्या दिवशी वारा आला आणि भुगा घेऊन गेला.

मग ती वाऱ्याला म्हणाली, "वारेदादा, नेतोस तसा आण की."

वारा म्हणाला, "आणतो ना. सात गावची धूळ आणतो. तू धर."

मग तिने दगडांचा आडोसा केला. आडोशाला धूळ साठली, बोटभर साठली. गोजरा हरखली. मग पाऊस आला आणि धूळ घेऊन गेला.

मग ती पावसाला म्हणाली, "पाऊसदादा, तू तरी दे."

पाऊस म्हणाला, "मी दगड मऊ करतो, भेगा रुंद करतो, गाळ आणतो. पण मी थांबत नाही, बाई. माझा स्वभावच वाहायचा."

मग तिने खळग्यात पाणी अडवलं. पाणी आटलं, खाली गाळाची पापडी राहिली. ऊन पडलं, पापडी तडकली, तुकडे उडून गेले.

असं एक वर्ष गेलं, दुसरं गेलं, तिसरं गेलं. कातळ देतो, वारा देतो, पाऊस देतो. पण ठेवून घेणारं कुणी नाही.

चौथ्या वर्षी चैत्रातल्या एका दुपारी ती कपारीत आडवी झाली. डोकं दगडावर, कान दगडाला. आणि तिला आवाज आला. फार बारीक. कुर्र... कुर्र... कुर्र. उंदीर पापड कुरतडतो ना, त्याच्याहून हजारपट बारीक. तिने डोळे उघडले. नाकासमोर दगडावर एक राखाडी डाग होता, नखाएवढा, कडेला कुरळा.

दगडफूल होतं ते. आपल्या मसाल्याच्या डब्यात असतं, काळसर, पापुद्र्यासारखं, वास येतो बघा, तेच.

"कोण आहे रे?" गोजरा म्हणाली.

"आम्ही आहोत," आवाज आला. "हळू बोल. तुझ्या श्वासाने आम्ही हलतो."

"आम्ही म्हणजे किती?"

"दोघं. वेगळे दिसत नाही, पण दोघं आहोत. हा दगडाला धरून बसतो, ओल जपून ठेवतो. मी उन्हात स्वयंपाक करते. ह्याला एकट्याला खायला मिळायचं नाही, मला एकटीला राहायला मिळायचं नाही."

गोजराला म्हादबाची आठवण झाली.

"आणि करता काय इथे?"

"दगड खातो. रोज तिळाच्या टोकाएवढा. खाऊन उरतो तो भुगा, तो आम्ही जाऊ देत नाही. मेलो की त्यातच पडतो. माती म्हणजे दुसरं काय? दगडाचा भुगा आणि मेलेल्यांची आठवण."

गोजरा उठून बसली. "मग मला शिकवा! मी काय करू?"

"काही करू नकोस," दगडफूल म्हणालं. "जे करतेस ना, ते तेवढं सोड."

"काय करते मी?"

"रोज सकाळी झाडतेस."

गोजराने हातातल्या केरसुणीकडे पाहिलं. तीन वर्षं, रोज उठून, तिने तो सगळा कातळ झाडला होता. कुणी सांगितलं नव्हतं. सवय होती. वाऱ्याला बोल लावला, पावसाला बोल लावला, आणि आपण काय करत होतो?

केरसुणी म्हणजे लक्ष्मी, तिला कुणी पाय लावत नाही, फेकत नाही. गोजराने ती कपाळाला लावली आणि त्या खळग्यात आडवी ठेवून दिली. वर दोन दगड ठेवले, वाऱ्याने उडू नये म्हणून. पुन्हा हातात घेतली नाही.

सोपं वाटतं ना? अजिबात सोपं नव्हतं, बरं का. सकाळ झाली की तिचे हात शिवशिवायचे. भाकरीचे कण सांडलेले दिसायचे आणि बोटं आपोआप पुढे जायची. मग ती हात मांडीखाली घालून बसायची. राजवाड्यातली गोजरा, आणि चहूकडे केर! कुणी बघितलं असतं तर लाजेने मेली असती. पण बघायला होतं कोण?

होतं. एक दिवस भाकरीच्या कणाशी एक मुंगी आली. एवढ्या उंच कातळावर, कुठून आली कोण जाणे. मिशा हलवत उभी राहिली. गोजराने श्वास रोखला.

"या बाई," ती म्हणाली. "बसा. घरचंच आहे."

मुंगीने कण उचलला आणि गेली. दुसऱ्या दिवशी सात मुंग्या आल्या. भेगेत त्यांनी घर केलं, आतले दगडाचे कण एकेक करून वर आणून टाकायला लागल्या. मुंग्या आल्या म्हणून एक पाखरू आलं. पाखराने शीट टाकली, शिटेत उंबराचं बी. खळग्यातली केरसुणी पावसात भिजली, मऊ झाली, काळी पडली. तिच्यावर शेवाळ आलं, हिरव्या मखमलीसारखं. आता वाऱ्याने धूळ आणली की शेवाळ ती धरून ठेवायचं. पाऊस आला की शेवाळ पाणी पिऊन बसायचं. कातळ, वारा आणि पाऊस तेच होते हो. त्यांचं देणं घ्यायला आता घरात माणसं होती.

गोजरा नुसती बघायची. कधी एखादा दगड आडवा लावायची, कधी आपल्या वाट्याचं पाणी चूळभर ओतायची. एका वर्षी शेवाळात गवताची काडी आली. ती मेली. पुढल्या वर्षी तिच्या जागी तीन आल्या. त्याही मेल्या. गोजरा पहिल्यांदा रडली, मग रडायची थांबली. मेलेलं वाया जात नाही, हे तिला समजलं होतं. मग तेरड्याचं एक फूल आलं. त्या दिवशी तिने म्हादबाची वाट बघितली, ते दाखवायला.

म्हादबा यायचा दर आठवड्याला. पण त्याच्या फडक्यातल्या भाकरी कमी व्हायला लागल्या होत्या. आधी दिवसाला तीन असायच्या. मग दोन. मग एक, तीही पातळ. मग अर्धी. मग नुसते उकडलेले कडू कंद. गोजराला वरून गावातले हाल दिसत नव्हते, पण त्या फडक्यावरून तिला सगळं कळायचं. म्हादबाचे केस पांढरे झाले होते. चढताना त्याला धाप लागायची.

"अहो, लोक कसे आहेत?"

"अर्धे गेले गाव सोडून. विहिरीत दगड टाकला की ठण्ण वाजतो."

"आणि तुम्ही का नाही गेलात?"

म्हादबाने तिच्याकडे पाहिलं. "तुला भाकरी कोण आणणार?"

अशी बारा वर्षं झाली.

त्या राज्यात एक नियम होता. बारा वर्षं झाली की शिक्षा भोगणाऱ्याला राजाने स्वतः जाऊन पाहायचं. मग राजा निघाला. त्याचा हत्ती मेला होता, घोड्यांना चारा नव्हता, म्हणून पायीच निघाला. अंगरखा अजून पांढरा होता, पण धुवायला पाणी नसल्यामुळे तो तसा पिवळटच. बरोबर तो शिपाई, आणि भाकरीचं फडकं घेऊन म्हादबा. तापलेल्या कातळावरून तिघं चढत माथ्यावर आले. राजाचे ओठ सुकले होते.

गोजरा उठली, तिने नमस्कार केला. राजा म्हणाला, "जिवंत आहेस?"

"आहे, सरकार."

मग राजाची नजर खळग्याकडे गेली. सुपाएवढी जागा. त्यात गवत, तेरड्याची वाळलेली रोपं, आणि भेगेतून वर आलेलं वीतभर उंबर, कोवळ्या तांबूस पानांचं. बारा वर्षांत राजाने ह्या डोंगरावर हिरवं काही पाहिलं नव्हतं. तो गुडघ्यांवर बसला. एक बोट त्याने आत घातलं.

चैत्राचं ऊन. सगळं राज्य कोरडं ठणठणीत. आणि राजाचं बोट ओलं झालं.

तो एकदम म्हणाला, "माती! ओंजळभर आहे! गोजरा, सुटलीस तू!" आणि त्याने दोन्ही हात पुढे केले, उपसायला.

गोजराने राजाचं मनगट धरलं.

शिपायाची तलवार निम्मी बाहेर आली. राजाच्या अंगाला हात! म्हादबाच्या हातातलं फडकं खाली पडलं.

"हात लावू नका, सरकार," गोजरा म्हणाली.

"अगं, ही तुझी सुटका आहे."

"माहीत आहे मला. पण ही उपसली की मुंग्यांचं घर गेलं. उंबराचं मूळ उघडं पडलं. खाली नेऊन काय राहील? मूठभर धूळ. ती वाऱ्याने उडेल. मी नाही नेणार."

"मग शिक्षा फिटत नाही तुझी."

"नाही फिटली तर नाही. राहते मी इथेच."

हे बोलली, आणि मग तिने म्हादबाकडे पाहिलं. बारा वर्षं तो हा डोंगर चढत होता, ती खाली यावी म्हणून. ती सोपी गोष्ट नव्हती. म्हादबाने खळग्याकडे पाहिलं, त्या इवल्या उंबराकडे पाहिलं. मग पडलेलं फडकं उचललं, झटकलं, आणि कपारीपाशी जाऊन बसला.

"मग मीच येतो वर राहायला," तो म्हणाला. "तसेही गुडघे दुखतात माझे चढून-उतरून."

राजा तसाच बसला होता. त्याच्या अंगरख्यावर एक मुंगी चढली. त्याने उडवायला हात उचलला. आणि थांबवला. मुंगी बाहीवरून चालत गेली, खांद्यापर्यंत गेली, उतरली.

"गोजरा," राजा म्हणाला, "एक विचारू? तेव्हा, रान झाडताना, तुला कळलं होतं?"

"कळलं होतं, सरकार. पानांखाली ऊब होती. तेव्हाच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"भ्याले. आणि नंतर शाल आवडली."

राजा हसला नाही. म्हणाला, "बोलली असतीस तर मी ऐकलं असतं?"

"नसतं ऐकलं."

"मग तुझी चूक कसली?"

"तरी बोलायला हवं होतं, सरकार. तुम्ही ऐकायचं की नाही, ते तुमचं होतं. बोलायचं माझं होतं."

राजाने मान खाली घातली. मग हळूच विचारलं, "एवढीशी माती व्हायला बारा वर्षं लागली?"

"माझी बारा. दगडफुलाची किती, त्यांनाच विचारा. पण त्यांना मोजता येत नाही."

राजाने मागे वळून पाहिलं. काळा डोंगर पार खालपर्यंत पसरला होता. त्याने मनात हिशोब करून पाहिला असेल. तो हिशोब काही त्याच्या आयुष्यात बसत नव्हता. त्याने डोक्यावरची पगडी काढली, ती सोडून लांब केली आणि खळग्याच्या उताराच्या बाजूला गोट्यांच्या मध्ये नीट दाबून बसवली, पावसात माती वाहू नये म्हणून.

"चूक माझी होती, आणि भोगलीस तू," तो म्हणाला. "माती इथेच राहू दे. तू मोकळी आहेस. खाली ये, वर राहा, जिथे वाटेल तिथे."

मग काय झालं सांगते. राजा खाली गेला आणि त्याने लोकांना गोळा केलं. हुकूम नाही सोडला, ह्या वेळी विनवणी केली. उतारावर आडवे दगड रचायचे, पाणी पळायला लागलं की त्याला बसवायचं. वाळकं पान कुठे सापडलं तर उचलायचं नाही. मुंगीला वाट द्यायची. गोजरा डोंगरभर हिंडायची आणि लोकांना एकच शिकवायची, कुठे हात लावायचा नाही ते. ते शिकायला लोकांना फार वेळ लागला. राजा दर पावसाळ्याआधी स्वतः दगड वाहायचा. अंगरखा मळायचा, त्याचं तो काही म्हणायचा नाही.

रान काही झटकन आलं नाही, पोरांनो. आधी गवत आलं. मग काटेरी झुडपं. गेलेले लोक एक-एक करत परतले. पहिल्या विहिरीला पाणी लागलं तेव्हा गोजरा आणि म्हादबा दोघंही पार म्हातारे झाले होते. म्हादबाने त्या पाण्याचा पहिला तांब्या तिला दिला, तिने निम्मा पिऊन निम्मा त्याला दिला. राजाने ते रान पाहिलं नाही. तो त्याआधीच गेला. त्याच्या नातीच्या नातीने म्हणे तिथे झाडावर चढून जांभळं खाल्ली आणि जीभ जांभळी करून घेतली. म्हणजे चांगलंच झालं की नाही? चांगलंच झालं. सगळे पोटभर जेवले, गार पाणी प्याले आणि सुखात राहिले.

झाली गोष्ट. आता कुणी काही विचारायचं नाही. उद्या विचारा. ज्याचे पाय उघडे आहेत त्याने ते आत घ्यावेत, ज्याचा हात दुसऱ्याच्या पांघरुणात आहे त्याने तो काढून घ्यावा. आपण झोपलो तरी खाली जमिनीत कुणी ना कुणी काम करतच असतं. त्यांना करू दे. तुम्ही डोळे मिटा.